पाइप बँडचा इतिहास लिहायचा तर आधी पेटी उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या मिल भागातल्या तुमच्या गणेश मंडळाचा जुना पाइप बँड, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमचा बँड आहे, आणि त्याची स्मरणिका काढायची आहे. मंडळात दोन मतं आहेत. काही म्हणतात बँड होळकरांच्या फौजेतून आला, काही म्हणतात महूच्या गोऱ्या पलटणींकडून. कागदपत्रं जवळजवळ नाहीत. एका पेटीत तीन जुने पाइप, एक मोठा बेस ड्रम आणि मूठभर फोटो, एवढंच उरलंय. त्यात कार्यकारिणीपुढे ठराव आलाय की जुनी वाद्यं मोडीत द्यावीत आणि नवी घ्यावीत. मग सुरुवात कुठून करायची, आणि खरं कोणाचं?

मी बेचाळीस वर्षं पाइप वाजवतोय. त्यातली तीसेक वर्षं शिकवतोय, आणि माळव्यातल्या बऱ्याच बँडांचे पाइप दुरुस्तीला माझ्या हाताखालून गेलेत. त्या अनुभवावरून पहिली विनंती: ठराव थांबवा. पेटीतल्या वस्तू हेच तुमचे कागद आहेत. पाइप मोडीत गेले की इतिहासही गेला, मग उरेल ती फक्त दोन गटांची भांडणं.

आता खरं कोणाचं ते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघं मधला माणूस विसरतायत.

पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य आपल्याला परकं नाही. राजस्थानात भैरूजीचे भोपे मशक वाजवतात. पण खांद्यावर तीन नळ्या उभ्या असलेला, ड्रमच्या जोडीने कदमतालावर चालणारा पाइप फौजेबरोबरच आला. १८५४ साली ब्रिटिश युद्धखात्याने हायलँड पलटणींना एक पाइप मेजर आणि पाच पायपर अधिकृतपणे मंजूर केले. त्याआधीही पायपर असत, पण त्यांचा खर्च बहुतेक अधिकारी आपल्या खिशातून करत. चारच वर्षांनी याच पलटणी आपल्या मुलखात आल्या. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत ७१ वी हायलँड पलटण होती, आणि तात्या टोपेंच्या पाठलागावर ९२ वी हायलँड पलटण माळव्यात फिरली. महूची छावणी तर १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतरचीच. म्हणजे पाइपचा आवाज या भागात दीडशे वर्षांहून जुना आहे, यात वाद नाही.

पण आवाज कानावर पडणं वेगळं आणि वाद्य हातात येणं वेगळं. गोऱ्या पायपरने मोहल्ल्यातल्या पोराला बसवून शिकवलं, असं मला माळव्यात एकदाही ऐकायला मिळालेलं नाही. पाइप आपल्याकडे आला तो हिंदी शिपायाच्या हातून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शीख, गुरखा, गढवाली, पंजाबी पलटणींनी पाइप उचलला आणि तो इतका आपलासा केला की गढवाल-कुमाऊँच्या डोंगरात हाच पाइप मशकबीन या नावाने वरातीतलं वाद्य होऊन बसला. संस्थानी फौजांनीही बँड बाळगले. होळकरांची पायदळ पलटण विलीनीकरणानंतर कुमाऊँ रेजिमेंटची १५ वी बटालियन झाली आणि ‘इंदूर’ हे नाव तिने सोबत ठेवलं. तुमचा होळकरवाला गट इथपर्यंत बरोबर आहे. पण बँड थेट राजवाड्यातून उठून मिलच्या चाळीत आला असं दाखवायचं, तर मधला माणूस दाखवावा लागेल.

तो मधला माणूस म्हणजे निवृत्त फौजी. आपल्या आजूबाजूला बघा. महूला इन्फन्ट्री स्कूल, सागरला महार रेजिमेंटचं केंद्र, आणि पचमढीला १९५० पासून फौजी बँडवाल्यांना शिकवणारी मिलिटरी म्युझिक विंग. पाइप शिकलेला हवालदार पेन्शनीत निघायचा आणि इंदुरात मिलच्या गेटवर रखवालदार म्हणून लागायचा. संध्याकाळी व्यायामशाळेच्या अंगणात मुलं गोळा करायचा. आमचे उस्ताद असेच होते. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. घरी त्यांना सगळे अण्णा म्हणत. तुमच्याकडेही असा एखादा अण्णा असणार. स्मरणिकेचं पहिलं पान त्याचं आहे.

स्कॉटलंडमध्येही वस्तीचे बँड साधारण असेच उभे राहिले. गोवन या ग्लासगोजवळच्या गावाच्या पोलिसांनी १८८३ मध्ये बँड काढला. शॉट्स अँड डाइकहेड हा १९१० चा बँड कोळशाच्या खाणींच्या गावातला. तिकडे खाण, आपल्याकडे मिल. पाळी सुटली की दमलेला माणूस पुन्हा छाती भरून फुंकायला उभा राहायचा, हे मी स्वतः पाहिलंय, आणि त्याबद्दल मला फार आदर आहे.

आता पेटी उघडा.

पाइपचा सुरांचा भाग म्हणजे चॅन्टर. पुढे सात भोकं, मागे अंगठ्याचं एक, आणि त्यातून निघणारे सूर फक्त नऊ. प्रत्येक चॅन्टर आणि प्रत्येक ड्रोन, म्हणजे खांद्यावरची एकच सूर धरणारी नळी, पुसून उन्हात तिरपा धरा. धातूच्या किंवा हाडाच्या कड्यांजवळ कारागिराचा ठसा असतो, बोटाने घासून घासून पुसट झालेला. ग्लासगो किंवा एडिनबरा असेल तर वाद्य पलटणीतून उतरलेलं असण्याची शक्यता मोठी. सियालकोट असेल तर ते बहुधा फाळणीपूर्वीचं, कारण नंतर तिकडचा माल इकडे येणं फार कमी झालं. मेरठच्या जली कोठीचा, म्हणजे बँडची वाद्यं बनवणाऱ्या मोहल्ल्याचा, माल त्यानंतर आपल्या बँडांत जास्त दिसू लागतो. लाकूडही सांगतं. स्कॉटिश कारागीर आफ्रिकन ब्लॅकवुड वापरतात. ते हाताला जड लागतं आणि काळंभोर असतं. सियालकोटचा पाइप बहुतेक शिसमाचा, रेषा तपकिरी. वजन बघायला कोणी पाण्यात बुडवू नका, असं एकाने केलेलं मी पाहिलंय आणि तो ड्रोन उभा चिरला.

पांढरी कडी हस्तिदंताची असतील तर कापाच्या बाजूला एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषांची जाळी दिसते. प्लॅस्टिकला ती नसते. हस्तिदंत निघाला तर वाद्य विकायचा विचारही करू नका, त्याचा व्यापार आपल्याकडे कायद्याने बंद आहे. नोंद करा, फोटो काढा आणि वनखात्याला विचारून ठेवा.

मग सूर मोजा. वाद्याचं वय सांगणारी ही सगळ्यात चांगली खूण, आणि बँडवाल्यांनाही ती सहसा माहीत नसते. पाइपचा सा गेल्या शंभर वर्षांत सतत चढत गेलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो ४५० हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली होता, आज स्पर्धेत वाजणारे बँड ४७५ ते ४८० च्या आसपास लावतात. हार्मोनियमवाल्याच्या भाषेत सांगायचं तर आज सा काळी पाचच्या थोडा वर आहे, जुन्या चॅन्टरवर तो काळी पाचच्या खाली राहतो. म्हणूनच जुना चॅन्टर नव्यांत मिसळत नाही आणि पोरं म्हणतात, ‘हा बेसूर आहे, फेकून द्या.’ तो बेसूर नाही. तो त्याच्या काळाच्या सुरात आहे. मोजताना एकच पथ्य: रीड, म्हणजे चॅन्टरच्या तोंडाशी बसवलेली कंप पावणारी पात, बदलली की सूर बदलतो, म्हणून सगळे चॅन्टर एकाच रीडवर, एकाच माणसाने, एकाच बैठकीत वाजवायचे. मोबाइलवरचा ट्यूनर पुरतो. आणि आकड्यावरून एकदम वर्ष ठरवू नका. तीन चॅन्टरांत जुना कोणता, एवढं जरी पक्कं झालं तरी पुष्कळ.

बेस ड्रमकडे लोक लक्षच देत नाहीत. आमचा ड्रम रंगवायला काढला तेव्हा मी आधी एका बाजूची रिंग सैल करून कातडं उतरवलं. खोडाच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलने लिहिलेलं होतं, ‘कातडं बदललं, भाद्रपद शु. ११’. त्याखाली तेच, वेगळ्या हाताने. असं पाच वेळा. पाचही वेळा तिथी अनंत चतुर्दशीच्या आधीची, कारण पावसात कातडं ढिलं पडायचं आणि झांकीच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या, रात्री ड्रम बोललाच पाहिजे. सहाव्या ओळीला फक्त एक शब्द होता: ‘प्लास्टिक’. त्यानंतर कोणी काही लिहिलेलं नाही. त्या सहा ओळींनी मला आमच्या बँडबद्दल जे सांगितलं ते कुठल्या ठरावाच्या वहीत नव्हतं. तुमच्या ड्रमच्या बाहेरच्या रंगाखालीही जुनं नाव असू शकतं. रंग खरवडू नका. दिव्याचा उजेड बाजूने टाका, जुन्या अक्षरांचे उंचवटे दिसतात.

फोटोंबद्दल दोन गोष्टी. पिशवी डाव्या काखेत आणि ड्रोन डाव्या खांद्यावर ही रीत आहे. फोटोत सगळेच उजव्या खांद्यावर दिसत असतील तर फोटो उलटा छापलाय. आधी सुलटा करा, मग माणसं ओळखा. नाही तर उजवीकडचे आजोबा डावीकडे जातात आणि दोन घरांत रुसवे होतात. आणि चौकड्यांचं कापड बघून पलटण ठरवू नका. ते बहुतेक मोहल्ल्यातल्या शिंप्याने बाजारात मिळेल त्या चौकड्यांचं शिवलेलं असतं. त्यापेक्षा ड्रमकडे बघा. दोऱ्यांनी ताणलेला की लोखंडी दांड्यांनी? दोऱ्यांचा असेल तर फोटो बहुतेक जुन्या काळचा.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग, म्हणजे धुना. खरा इतिहास इथे आहे.

चॅन्टरचे नऊ सूर असे: मंद्र कोमल नी, मग सा रे ग म प ध, कोमल नी आणि वरचा सा. म्हणजे सरळ खमाज थाट. शुद्ध नी नाही. कोमल रे, कोमल ध नाहीत. कोमल ग काही चॅन्टरांवर आडव्या बोटांनी निघतो, पण कच्चा. मंद्र पंचमापर्यंत उतरायची सोय नाही. तिन्ही ड्रोन फक्त सा धरतात: दोन एक सप्तक खाली, तिसरा दोन सप्तकं खाली. त्यामुळे भूप, दुर्गा, मधमाद सारंग यांच्या अंगाच्या धुना पाइपवर सुखाने बसतात. भैरवी बसत नाही, कितीही जीव तोडला तरी. तिसरी अडचण म्हणजे हवा थांबत नाही. सूर तोडता येत नाही, आवाज लहान-मोठा करता येत नाही. एकच सूर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या सुराचा निमिषभर स्पर्श द्यावा लागतो. स्कॉटिश पायपर त्याला ग्रेसनोट म्हणतात, आमचे उस्ताद त्याला कणच म्हणायचे.

आता विचार करा. मंडळाला आरती वाजवायची आहे, भजन वाजवायचं आहे, आणि धून मंद्र पंचमावर उतरते किंवा शुद्ध नी मागते. उस्ताद काय करतो? कोणी ती ओळ उचलून वरच्या सप्तकात नेतो. कोणी शुद्ध नीच्या जागी वरचा सा धरून निघून जातो. कोणी सगळी धूनच मध्यमाला सा मानून फिरवतो. प्रत्येक उस्तादाची वाट वेगळी, आणि शिष्य ती वाट तशीच्या तशी उचलतात, का ते माहीत नसताना. म्हणून दोन बँड एकच भजन एकाच ठिकाणी सारखंच वाकवत असतील तर त्यांचा उस्ताद एक, किंवा एका उस्तादाचे शिष्य. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या शहरात राहून घराणं कानाने ओळखायचं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाइपचीही घराणी आहेत, फक्त कोणी त्यांना नाव दिलेलं नाही.

मी स्वतः असंच शोधत गेलो. आमच्या बँडात एका भजनाच्या अंतऱ्यात ओळ मध्येच वर उडी मारते. लहानपणापासून मला तीच चाल खरी वाटायची. पुढे महूजवळच्या एका बँडाचे पाइप दुरुस्त करायला गेलो आणि त्यांच्या पोरांनी तीच ओळ तिथेच, तशीच उडवली. कणसुद्धा तोच, वरच्या सा चा. मी चहाचा कप खाली ठेवला. विचारता विचारता निघालं की आमच्या उस्तादांनी इंदुरात येण्याआधी दोन पावसाळे तिथे काढले होते. त्यांच्या घरच्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

स्कॉटिश मूळ ओळखायचीही युक्ती आहे. त्यांच्या पुष्कळ धुनांत एक तुकडा सा-ग-प वर वाजतो आणि लगेच तसाच तुकडा एक पायरी खाली, नी-रे-म वर. पुन्हा वर, पुन्हा खाली. भाग बहुधा आठ बारचे (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट) आणि प्रत्येक भाग दोनदा. आपल्या धुनांत असं दोन खांबांमधलं येणं-जाणं क्वचितच असतं, आपला मुखडा फिरून समेवर येतो. तुमच्या बँडाच्या जुन्या धुना याप्रमाणे दोन ढिगांत वाटा. केरव्यासारखा चालतो तो चारचा मार्च, दादऱ्यासारखा डुलतो तो सहाचा. फौजी उस्ताद शिष्यांना दोन्ही देत, आणि कोणता आधी दिला यावरून त्याची पलटणी सवय कळते.

म्हणून म्हाताऱ्यांना भेटाल तेव्हा ‘बँड कधी सुरू झाला’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. वर्ष कोणाला आठवत नाही, आणि विचारलं की माणूस अंदाज ठोकतो. ‘पहिली धून कोणती शिकलात? तोंडाने म्हणून दाखवा’ असं विचारा. स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी पाइपचं संगीत तोंडी अक्षरांतून शिकवत, आपल्या तबल्याच्या बोलांसारखं. त्या पद्धतीला कॅन्टरॅक म्हणतात. आपल्या उस्तादांनीही सरगमीत आणि स्वतःच्या बोलांत शिकवलं. दात गेलेला माणूस पाइप वाजवू शकत नाही, पण बोल म्हणतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पूर्ण, मध्ये न टोकता. धून कुठे वाकते ते नंतर घरी ऐका.

घरातल्या बायकांना विसरू नका. पिशवीच्या गवसण्या कोणी शिवल्या? पिशवीला मसाला कोण लावायचं? कातड्याची पिशवी आतून हवाबंद राहायला मध, ग्लिसरीन आणि अंड्याचा पांढरा बलक घालून चोळावी लागे. आमच्या वाड्यात अंडं चालत नव्हतं, म्हणून पिशव्या तालमीत ठेवत आणि तिथेच मुरवत. एका काकूंनी मला सांगितलं की त्यांचे यजमान श्रावणभर पाइपला हात लावत नसत आणि गणपतीच्या तोंडावर श्वास कमी पडायचा म्हणून अख्खं मंडळ बोलायचं. अशी गोष्ट कुठल्या बँडच्या अहवालात येत नाही, पण स्मरणिका वाचणारा हीच लक्षात ठेवेल.

आता मिल. हा भाग तुमच्या स्मरणिकेत दुःखाचा असेल, पण टाळू नका. इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या मिलमजुरांनी उभ्या केल्या, शंभर वर्षांच्या आसपासची ही परंपरा आहे: हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्यांचेही भोंगे थांबले. झांक्या लोकांनी वर्गणीवर, जिद्दीने चालू ठेवल्या. पण बँडाला पैशापेक्षा दुसरं काही लागतं. रोज एकाच वेळी सुटणारे पंधरा-वीस जण लागतात. पाळी होती तोवर संध्याकाळी सहाला अंगण भरायचं. पाळी गेली आणि कोणी ऑटो चालवायला लागला, कोणी पीथमपुरात रात्रपाळीला. आमच्या बँडात चौदा पायपर होते, तीन वर्षांत पाच उरले. कोणी बँड सोडला नव्हता. एकत्र यायची वेळच राहिली नव्हती. तुमच्या फोटोंतली माणसं मोजा, वर्षाप्रमाणे लावा. हीच गळती दिसेल, आणि ती तशीच छापा.

होळकर की महू, हा वाद स्मरणिकेत मिटवायची गरज नाही. ठसे, सूर, धुनांची वळणं आणि उस्तादांचं नाव-गाव समोर ठेवा. त्यातून जे दिसेल ते लिहा. ‘सांगतात’ आणि ‘आढळलं’ हे दोन शब्द मात्र वेगळे ठेवा.

जुन्या पिशव्या कडक झाल्या असतील तर फुगवून बघू नका, शिवण उसवते. चॅन्टरमधली रीड ओढून काढू नका. ज्याने शेवटी वाजवलं त्याची ती शेवटची रीड असू शकते, तिला बांधलेल्या दोऱ्यासकट फोटो काढा. जोडांवरचं मेण लावलेलं सूत उकलू नका. नवी वाद्यं जरूर घ्या, मुलांना हातात चांगलं वाद्य मिळालंच पाहिजे, पण जुन्या पेटीच्या बदल्यात नाही. रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी वर्गावर असतो. तिन्ही चॅन्टर कापडात वेगवेगळे गुंडाळून घेऊन या, आणि ज्या म्हाताऱ्या मंडळींना जिना चढता येतो त्यांनाही आणा. सूर मोजायला माझ्याकडे एक रीड बाजूला काढून ठेवलेली आहे, आपण त्याच एका रीडवर तिन्ही वाजवू.